दगडावरचा गास्पार

मिस्सा आटोपली तेव्हा साडेअकरा झाले होते. बार-ल-द्युकच्या वरच्या गावातून खाली कालव्यापर्यंत यायला कोलार मंडळींना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण पुढे चालायला कुणीच तयार नव्हतं. पुढे चालेल त्याने दार उघडायचं, आणि दार उघडलं की छापखान्यातूनच घरात जावं लागतं, आणि छापखान्यात खिडकीखाली तो दगड होता. शेवटी ओदीलने किल्ली घेतली. या घरात जी कामं कुणालाच नको असत ती फिरून फिरून तिच्याकडेच येत. चौतीस वर्षांची होईपर्यंत तिनेही त्याबद्दल कुरकुर करणं सोडून दिलं होतं.

गास्पारला जाऊन आज वर्ष झालं होतं. तो शेंडेफळ, ओदीलपेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई झेली गेली तेव्हा त्याला नीट चालताही येत नव्हतं, आणि मोठा झाल्यावर तो चालायचं विसरलाच, जिथे तिथे सायकलवर. मिस्सेत पाद्र्यांनी त्याचं नाव घेतलं तेव्हा मागच्या बाकांवर सायकल क्लबची सात पोरं टोप्या हातात धरून उभी होती. बाबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबा म्हणजे आन्सेल्म कोलार. या गावातल्या प्रत्येक मुरंब्याच्या बरणीवरचं लेबल चाळीस वर्षं त्यांच्या हातचं होतं, दगडावर काढून त्यावरून छापलेलं. आत आल्या आल्या त्यांनी अंगावरचा काळा कोटही न काढता खिडकीखालचा गोणपाट जरा उचलला, खाली पाहिलं, आणि गोणपाट पुन्हा नीट बसवला. हे ते रोज सकाळी करत. मोठा मुलगा प्रोस्पेर ते बघून न बघितल्यासारखं करत जिना चढला.

जेवायला कोबी, बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवलेला रस्सा होता. प्रोस्पेरची बायको ओर्तांस हिने लाल मुरंब्याची बरणी काढली होती. उन्हाळ्यात ती मुरंबेवाल्यांकडे इतर बायकांबरोबर ओळीत बसून हंसाच्या पिसाने एकेका इवल्या लाल फळातली बी काढायचं काम करायची, आणि वर्षाला एक बरणी घरी आणायची. ती बरणी एका बैठकीत फस्त करणारा एकच माणूस होता. बरणी टेबलावर ठेवल्यावर तिच्या ते लक्षात आलं, पण उचलून परत नेणं आणखीच वाईट दिसलं असतं, म्हणून ती तशीच राहिली. सगळ्यांनी तिच्याभोवतीने पाव फिरवला.

प्रोस्पेरने रस्सा संपेपर्यंत दम धरला. मग त्याने रुमालाने मिशा पुसल्या.

"बाबा, मंगळवारी बिअरवाल्यांचा माणूस येतोय."

"येऊ दे की."

"त्याला रिकामा दगड दाखवावा लागेल."

"दाखव. चार पडलेत."

"ते चार लेबलांचे आहेत, बाबा. ही भिंतीवर लावायची जाहिरात आहे, जत्रेसाठी. एवढे मोठे दगड आपल्याकडे दोनच होते. एक जानेवारीत थंडीने तडकला, हे तुम्हालाही माहीत आहे."

"बव्हेरियातून नवा मागव ना," ओदील म्हणाली. वर्षभर ती बाबांच्या बाजूनेच बोलत आली होती. तशी तिला सवयच लागली होती.

"दोन महिने लागतात त्याला. जत्रा पाच आठवड्यांवर आलीय." प्रोस्पेरचा आवाज अजून खालच्या पट्टीत होता. "हे काम आपण नाही म्हटलं तर नान्सीला जाईल. तिकडे जस्ताच्या पत्र्यावर छापतात, दगडच लागत नाही त्यांना. आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक कालव्याच्या या बाजूला परत येत नाही. मग आपण सगळ्यांनी बसू या फळांच्या बिया काढत."

"बिया काढण्यात कमीपणा आहे का काही?" ओर्तांस म्हणाली.

"तसं नाही म्हणालो मी."

"मग नीट बोल."

बाबा पावाचा मऊ भाग बोटांत घेऊन त्याच्या गोळ्या करत होते. "त्या दगडाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "माझ्या बापाने तो कालव्यातून बोटीने आणला. तो उतरवताना त्याचं बोट गेलं. त्या दगडावर काय ठेवायचं आणि काय नाही, ते मी ठरवीन."

ओर्तांस सासऱ्याकडे जरा वाकली. ती मनाने वाईट नव्हती, तिला फक्त गोष्टी उरकायला आवडायच्या. "बाबा, मी काय म्हणते, चित्र जातंय कुठे? माळ्यावर गास्पारच्या चित्राचे तीनशे छापील कागद पडलेत. एक चांगलासा निवडू, चौकटीत घालू, इथे या भिंतीवर लावू. दगड काय, खाली अंधारात असतो. इथे तो रोज आपल्यासमोर राहील."

"कागदावर आहे तो माझा मुलगा नाही."

"असं काय म्हणता?"

"गास्पारच्या भुवईवर खूण होती. कुठल्या?"

ओर्तांसने नवऱ्याकडे पाहिलं. प्रोस्पेरने ताटलीकडे पाहिलं.

"डाव्या," ओदील म्हणाली. "पाच वर्षांचा असताना छापयंत्राचा दांडा लागला होता."

"डाव्या. कागदावर ती उजव्या भुवईवर आहे. भांगही दुसरीकडून. सायकल धरलीय तीही दुसऱ्याच हाताने. कागदावर एक त्याच्यासारखा दिसणारा माणूस उभा आहे, आणि तो मला माहीत नाही." बाबांनी पावाची गोळी टेबलावर ठेवली. "दगडावर आहे तो गास्पार आहे."

यात चूक काहीच नव्हतं. या धंद्यात सगळं उलटं काढायचं असतं. दगडावर तेलकट काळ्या खडूने उजवीकडे काढाल ते कागदावर डावीकडे उमटतं. म्हणून चित्रकार समोरच्या वस्तूकडे बघत नाही, शेजारी आरसा मांडतो आणि आरशात बघून काढतो. आन्सेल्म कोलारांनी चाळीस वर्षं आरशात बघून हंस काढले, द्राक्षं काढली, तीन महापौर काढले. मागच्या वर्षी सायकलच्या कारखानदाराने जाहिरात मागितली. त्यात त्यांचा नवा स्वार सायकल घेऊन उभा हवा होता, आणि तो स्वार म्हणजे गास्पार. त्या दिवशी अंगणात ऊन होतं. पोरगा नवी लोकरी जर्सी घालून सायकलवर हात टेकून उभा होता, आणि बापाला म्हणत होता, "बाबा, पोट जरा आत घ्या ना माझं, दगडाला काय कळतंय." बाबांनी कच्चं चित्र काढलं नाही, आरसाही मांडला नाही. दगड बाहेर आणून ठेवला आणि मुलाकडे बघून सरळ काढत गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते काम करताना हसत होते.

अक्षरं प्रोस्पेरने दुसऱ्या दगडावर काढली होती, रीतसर उलटी. ती चोख उमटली. चित्र मात्र फिरलं, आणि सायकलची साखळी भलत्याच बाजूला गेली.

प्रोस्पेरने ग्लास खाली ठेवला. इतका वेळ त्याने स्वतःला आवरलं होतं ते आता त्याच्या मानेवर लाल होऊन चढत होतं.

"तो कागदावर उलटा का झाला, बाबा?"

"प्रोस्पेर," ओर्तांस म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. वर्षभर आपण सगळे पाय न वाजवता चालतोय या घरात. तीनशेच्या तीनशे जाहिराती परत आल्या. त्या कारखानदाराने काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंत, मी वाचलं, गास्पारने वाचलं. ज्या घरात साखळी कुठल्या बाजूला असते ते कळत नाही, त्या घरातला स्वार मला नको, असं. सगळ्या क्लबात हसले त्याला. पॅरिसची जागा गेली. ती जागा मिळाली असती तर तो मे महिन्यात पॅरिसला गेला असता, तिथल्या शर्यतींच्या गोल लाकडी धावपट्टीवर सायकल चालवत असता. व्हर्दूनच्या शर्यतीत कशाला गेला तो? पावसात? साध्या जुन्या सायकलवर? कुणाचं नाव धुऊन काढायला गेला होता?"

पुढचं सांगायची गरज नव्हती. ते सगळ्यांना पाठ होतं. उतार, ओला रस्ता, वळणावर आडवी आलेली बिटाची गाडी.

"मी मारलं त्याला," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मला रोज माहीत असतं ते. तू आज म्हणालास एवढंच."

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"तसंच म्हणायचं होतं. आणि बरोबर आहे. म्हणून तर तो दगड मला हवाय. माझ्या हातून तो एकदाच नीट उतरला, आणि त्याच्यापायीच गेला. त्याच्याकडे रोज बघायचं, ही माझी शिक्षा आहे. ती तरी माझ्याकडून घेऊ नका."

ओदीलने बाबांना आईच्या दफनाच्या वेळीही असं विनवताना पाहिलं नव्हतं. तिला हे आणखी क्षणभरही ऐकवेना. वर्षभर ती म्हाताऱ्याच्या बाजूने भांडत होती, त्यांच्या हट्टावर पांघरूण घालत होती, त्यांच्या दगडावर धूळ बसू देत नव्हती, आणि वर्षभर ते तिच्या अपराधाचं ओझं आपलं समजून वाहत होते. तिने ते वाहू दिलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"चित्र उलटं काढलेलं नाही ते. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

प्रोस्पेर हसला, म्हणजे त्याच्या नाकातून आवाज आला. "उगीच काहीतरी. तू बाबांना वाचवायला..."

"मला सायकल येते, प्रोस्पेर. तुला येत नाही. गास्पारने मला मागच्या अंगणात शिकवली होती, तुम्ही सगळे बाजारात गेलात की. माझा परकर साखळीत अडकायचा. दर वेळी उजवीकडची कड काळी व्हायची, आणि ती मी लपवून धुवायचे. साखळी कुठल्या बाजूला असते ते मला नाही तर कुणाला कळणार?"

तिला तो दिवस असा आठवत होता की डोळे मिटायचीही गरज नव्हती. पहिला नमुना काढायचा म्हणून तिने दगडावर ओला स्पंज फिरवला. अंगणात जशी दिसली होती, तशीच सायकल दगडावर होती. तशी ती असायला नको होती. ती तोंड उघडणार एवढ्यात वरच्या खोलीतून गास्पारची शीळ ऐकू आली. सरावासाठी महिनाभर रॅंसला जायचं म्हणून तो पिशवी भरत होता. तिकडून परत, आणि मग पॅरिस. घरात हसणारा तो एकच होता, आणि तो निघाला होता. तिच्या मनात आलं, जाहिरात परत येईल, पुन्हा काढावी लागेल, त्याला पुन्हा समोर उभं राहावं लागेल, महिना-दोन महिने जातील. तेवढेच दिवस तो राहील.

"मी फक्त महिना मागत होते," ती म्हणाली. "ते लोक जागाच काढून घेतील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, पुन्हा काढा म्हणतील."

बाबा तिच्याकडे पाहत होते. त्यांचे डोळे अलीकडे फार अधू झाले होते, आणि माणूस ओळखायला त्यांना मान जरा वाकडी करावी लागे. आत्ता त्यांनी तशीच मान केली होती.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मला आता जवळचं नीट दिसत नाही म्हणालो होतो. बरोबर आलंय का बघ, ओदील, असं म्हणालो होतो."

"हो, बाबा."

"आणि तू काय म्हणालीस?"

ओर्तांसने तोंडावर रुमाल धरला होता.

"बरोबर आलंय म्हणाले," ओदील म्हणाली.

बाबा उठले. खुर्ची मागे सरकवली, ती आपल्या जागी नीट लावली, आणि जिना उतरू लागले. ते तिघेही मागोमाग गेले, काय होणार हे न कळून.

खाली त्यांनी गोणपाट काढला आणि घडी करून बाकावर ठेवला. मग कोपऱ्यातून वाळूचा डबा आणला, पाण्याची झारी आणली, दांडा लावलेली जड लोखंडी चकती दोन्ही हातांनी ओढत आणली. सगळं दगडाशेजारी मांडलं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट दगडावर पडलं होतं. जर्सी घातलेला पोरगा सायकलवर हात टेकून उभा होता, आणि स्वतःच्याच विनोदाला हसू येतंय ते दाबत होता.

"घास," बाबा म्हणाले.

"बाबा, आज नको," प्रोस्पेर म्हणाला.

"का? तुला रिकामा दगड हवा होता ना?"

"हवा होता. पण असा नको. बिअरवाल्याला मी बघतो, सांगतो काहीतरी. राहू दे तो दगड." तो दगडासमोर आडवा उभा राहिला. जेवताना त्याच दगडासाठी भांडणारा हा माणूस आता त्याला पाठीशी घालत होता, आणि स्वतःच गोंधळला होता. "मी चुकलो. मी म्हणायला नको होतं ते. ओदील, तू वर जा."

"मी करते हो बाबा, उद्या सकाळी," ओर्तांस म्हणाली. तिने ओदीलची बाही घट्ट धरली. "तिच्याकडून नका करून घेऊ. मी हात जोडते तुम्हाला."

"तिला सगळं दिसतं," बाबा म्हणाले. "या घरात दिसतं तिला एकटीलाच. तिलाच करू दे."

ते बाकावर घडी केलेल्या गोणपाटाशेजारी बसले. ओदीलने बाही सोडवून घेतली. तिने आधी टर्पेंटाइनच्या बोळ्याने शाई पुसली. ती काळी, ओघळत उतरली, आणि गास्पार फिकट तपकिरी होऊन खालीच राहिला, कारण तेल दगडात मुरलेलं असतं. मग तिने पाणी शिंपडलं, वाळू पसरली आणि चकती फिरवायला घेतली.

चेहरा शेवटी ठेवावा असं तिला वाटत होतं. पण तसं करता येत नाही. एका जागी कमी घासलं की तिथे फुगवटा राहतो, आणि वरून दाब आला की दगड तिथूनच फुटतो. सगळीकडे सारखीच फिरवावी लागते चकती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आठच्या आकड्यासारखी. म्हणून प्रत्येक फेरीत ती चाकांवरून गेली, साखळीवरून गेली, डाव्या भुवईवरून गेली, आणि पुन्हा फिरून तिथेच आली. वाळूचा आवाज आधी खरखरीत होता, मग बारीक झाला. पाणी राखाडी होऊन तिच्या मिस्सेच्या काळ्या झग्यावर उडत राहिलं. तिच्या मागे ओर्तांस रडत होती. प्रोस्पेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. थांब असं कुणी म्हणालं असतं तर ती थांबली असती.

तिने दगड धुतला, पुसला. बाबा उठून आले. दगड घासून झाला की त्यावर तोंड नेऊन श्वास सोडायचा, ही त्यांची पद्धत वीस वर्षं ती बघत आली होती. तेल उरलं असेल तिथे वाफ धरत नाही, आणि जुनं चित्र क्षणभर उठून दिसतं. त्यांनी वाकून श्वास सोडला. दगडावर पांढुरकी वाफ पसरली, आणि तिच्यात गास्पारचं कपाळ, नाक, हसू दाबलेले ओठ अगदी स्पष्ट आले. वाफ विरली, तेही गेले.

"अजून आहे," बाबा म्हणाले. "पुन्हा घास."

तिने पुन्हा वाळू टाकली. या वेळी हात खांद्यापासून दुखत होता. धुऊन झाल्यावर बाबांनी पुन्हा श्वास सोडला, आणि या वेळी फक्त एक भुवई आली आणि चाकाचा अर्धा गोल.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा तिने बराच वेळ घासलं, सवयीने जितकं घासायला हवं त्याहून जास्त. मग पाणी ओतलं, कापडाने दगड कोरडा केला आणि बाजूला झाली. बाबा वाकले. वाफ दगडभर एकसारखी पसरली आणि कडांकडून हळूहळू आटत गेली. तिच्यात काही नव्हतं.

बाबा उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात दगडाच्या कडांवर टेकले, तोंड आणखी खाली नेलं आणि पुन्हा श्वास सोडला. मग जरा डावीकडे सरकून, जिथे चेहरा होता तिथे, आणखी एकदा.

"बाबा," ओदील म्हणाली, "झालं. गेलंय."

"थांब जरा," ते म्हणाले, आणि पुन्हा श्वास सोडला.